देवाला गृहीत धरणे

परमार्थाच्या वाटेवर दोन प्रकारची माणसे अडून राहतात. एक म्हणतो, माझ्यासारख्याला देव कशाला जवळ करील, आणि खाली बसतो. दुसरा म्हणतो, माझे काम झालेच आहे, आणि तोही खाली बसतो. पहिल्याला पाहून आपल्याला कळवळा येतो. त्याला हात देऊन उठवणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याला उठवायला मात्र कोणी जात नाही. आपण बसलो आहोत हे त्याला स्वतःला ठाऊक नसते आणि पाहणाऱ्यांनाही तो मोठा श्रद्धावान वाटतो. आजच्या चिंतनाचा विषय हा दुसरा माणूस आहे.

त्याच्या दोषाला आपल्या बोलीत नेमका शब्द आहे : गृहीत धरणे. आई रांधून ठेवणारच, भाऊ सांभाळून घेणारच, असे धरून चालणाऱ्याला त्यांच्याविषयी प्रेम नसते असे नाही. पण त्यांच्याकडे वळून पाहणे त्याने सोडलेले असते. देवाच्या बाबतीत असे घडले तर काय होते, याचा विचार ख्रिस्ती धर्मात अगदी आरंभापासून झाला आहे. वारकऱ्याला त्या विचाराचे परकेपण वाटण्याचे कारण नाही. कृपा, क्षमा, शरणागती हे शब्द ज्या घरात रोज बोलले जातात, त्याच घरात हा दोष शिरतो. देव केवळ कठोर हिशेब करणारा आहे असे जिथे मानतात, तिथे त्याला गृहीत धरण्याची छाती कोणाची होणार? देव दयाळू आहे असे मानणाऱ्यालाच हा धोका आहे.

ख्रिस्ती आचार्य या दोषाला लॅटिनमध्ये ‘प्रेसुम्प्तिओ’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी आधीच घेऊन टाकणे हा अर्थ आहे. नैवेद्य दाखवण्याआधीच ताटातला घास उचलावा, तसे हे आहे. जे अजून मिळायचे आहे ते मिळालेच असे धरायचे, आणि जे दान आहे त्यावर हक्क सांगायचा.

याची सर्वांत ठळक कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. येशू चाळीस दिवस अरण्यात उपवास करून राहिला. तेव्हा सैतान त्याच्यापाशी आला. त्याने येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या उंच टोकावर नेऊन उभे केले आणि तिथून खाली उडी टाकायला सांगितले. तू देवाचा पुत्र आहेस, तेव्हा देवाचे दूत तुला वरच्यावर झेलतील, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि आधार म्हणून त्याने चक्क स्तोत्रातले वचन काढून दाखवले. येशूने दुसऱ्या शास्त्रवचनाने उत्तर दिले. त्याचा आशय असा की देवाची परीक्षा पाहायची नसते.

या कथेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सैतान येथे देव सोड असे म्हणत नाही. देवावर भरवसा ठेव, असेच तो म्हणतो. तो पाठांतर दाखवतो, शास्त्र उघडतो, मंदिराच्या आवारातच उभा राहतो. म्हणून हा मोह ओळखायला अवघड. तो श्रद्धेचाच वेश घालून येतो. पण उडी टाकणाऱ्याच्या मनात काय असते? देव सांगेल ते मी करीन, हा भाव तिथे नसतो. मी करीन ते देवाने निस्तरावे, असा तो भाव असतो. शब्द भक्ताचे असतात, पण मालक आणि सेवक यांच्या जागा बदललेल्या असतात.

तेराव्या शतकातले थोर आचार्य संत थॉमस ॲक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात या दोषाची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते तो दोन प्रकारांनी होतो. माणूस स्वतःच्या बळाचा नको तितका भरवसा धरतो, हा एक प्रकार. देवाच्या दयेचा भलताच भरवसा धरतो, हा दुसरा. म्हणजे पश्चात्ताप न करता क्षमा मिळेल आणि साधन न करता परमपद मिळेल असे तो समजतो. वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या उलट दिसतात. एक म्हणतो मीच करीन, दुसरा म्हणतो देवच करील, मला काही करायला नको. पण आपल्यात काही बदलले पाहिजे, ही गोष्ट दोघांनाही मान्य नसते.

पुढे थॉमस विचारतात : निराशा आणि हे गृहीत धरणे, यांत मोठे पाप कोणते? त्यांचे उत्तर आहे, निराशा. कारण शिक्षा करण्यापेक्षा दया करणे हे देवाच्या स्वभावाला अधिक धरून आहे. दयेची कल्पना वाढवून ठेवणारा चुकतो खरा, पण देवाला दयाशून्य समजणारा त्याहून अधिक चुकतो. दोषाची चिकित्सा करतानाही त्या आचार्याने दयेचे पारडे हलके होऊ दिले नाही. या विषयावर बोलणाऱ्याने हे पथ्य पाळलेच पाहिजे. नाहीतर उद्धटाला जागे करण्याच्या नादात आपण आधीच भ्यालेल्या जीवाला आणखी भिववून सोडू.

त्यांचा आणखी एक सूक्ष्म विवेक आहे. दोन माणसे पाप करतात आणि दोघांनाही क्षमेची आशा आहे. एकाला वाटते, हे सुटले पाहिजे, मी सोडीन, आणि मग देव मला पदरात घेईल. दुसऱ्याला वाटते, क्षमा आहेच, मग सोडायचे कशाला. थॉमस म्हणतात, पहिल्याच्या आशेने त्याच्या पापाचा भार उणा होतो आणि दुसऱ्याच्या आशेने तो वाढतो. आशा तीच, देवही तोच. फरक एवढाच की एकाला क्षमेतून उठायचे आहे आणि दुसऱ्याला क्षमेवर झोपायचे आहे. आपल्याकडे नामाच्या बळावर पाप करणे हा नामापराध मानला आहे, त्याचे मर्म यापेक्षा वेगळे नाही.

चौथ्या शतकात हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुढे उघड उभा राहिला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे मागची सारी पापे धुऊन निघतात, अशी शिकवण होती. आणि त्यानंतर मोठे पाप घडले तर प्रायश्चित्त कडक असे. तेव्हा पुष्कळांनी हिशेब केला की बाप्तिस्मा जितका उशिरा घेऊ तितका बरा. खुद्द रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३३७ मध्ये मृत्यू जवळ आल्यावर बाप्तिस्मा घेतला. उशीर करणारे सगळे लबाड होते असे नाही. कित्येकांना आपल्या दुबळेपणाची खरी भीती वाटत होती. पण आधी मनासारखे जगून घेऊ आणि शेवटी धुऊन टाकू, असे म्हणणारेही कमी नव्हते.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मचरित्रात याची खंत नोंदवली आहे. लहानपणी ते आजाराने अत्यवस्थ झाले तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली. पण बरे वाटताच ती पुढे ढकलण्यात आली. अजून बाप्तिस्मा झाला नाही ना, मग करू द्या त्याला काय करायचे ते, असे लोक म्हणत. त्यावर ऑगस्टिन विचारतात : शरीराच्या बाबतीत असे कोणी म्हणते का, की हा अजून बरा झालेला नाही, तेव्हा याला आणखी जखमा होऊ द्या? पुढे इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोवर तारुण्याचा मोठा भाग गेला होता.

त्याच काळातले नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांना असे दिरंगाई करणारे लोक द्राक्षमळ्याचा दाखला ऐकवत. तो दाखला येशूचाच. मळ्याचा धनी सकाळी आलेल्या मजुरालाही एक नाणे देतो आणि दिवस मावळताना आलेल्यालाही तेवढेच देतो. मग उन्हात राबायचे कशाला, अशी या लोकांची सबब होती. दाखला नीट वाचला तर ती टिकत नाही. शेवटच्या घटकेला आलेले मजूर झाडाखाली झोपलेले नव्हते. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. हाक आली तेव्हा ते लगेच उठले. ऐकलेली हाक संध्याकाळपर्यंत टोलवणाऱ्याविषयी त्या दाखल्यात आश्वासनाचा एकही शब्द नाही.

आता पाप करणाऱ्याचे सोडून पुण्य करणाऱ्याकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार यांचा दाखला आहे. परूशी हा नेमधर्म काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. जकातदार म्हणजे परक्या रोमन सत्तेसाठी लोकांकडून कर उकळणारा, म्हणून सर्वांच्या तिरस्काराचा धनी. दोघे प्रार्थनेसाठी मंदिरात जातात. परूशी देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच. आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि मिळकतीचा दहावा हिस्सा देतो, हेही तो सांगतो. जकातदार दूर उभा राहतो, वर पाहण्याचेही धाडस करत नाही, छाती बडवून दयेची याचना करतो. येशू म्हणतो, घरी परतताना देवापुढे नीतिमान ठरला तो हा दुसरा.

परूशी खोटे बोलत नव्हता. उपवास तो करीतच असणार, दानही देत असणार. आभारही त्याने देवाचेच मानले, स्वतःचे नव्हे. मग त्याचे बिघडले कुठे? त्याची प्रार्थना पुन्हा तपासून पाहिली तर एक गोष्ट दिसते. तिच्यात मागणे एकही नाही. त्याला देवाकडून काहीच नको आहे. तो मंदिरात आला तो आपला ताळेबंद वाचून दाखवायला. दुसरी गोष्ट अशी की प्रार्थनेला उभा असताना त्याची नजर बाजूला, शेजारच्यावर आहे. देवाला गृहीत धरण्याच्या या दोन खुणा : मागणे संपते आणि तुलना सुरू होते. निराश माणूस मागत नाही, कारण मिळणार नाही असे त्याला वाटते. हा मागत नाही, कारण मिळालेच आहे असे त्याला वाटते. दोन्हीकडे प्रार्थना मरते.

या दाखल्याचा एक फासही आहे. तो ऐकून ज्याच्या मनात येते की बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही, तो त्याच क्षणी परूश्याच्या जागी जाऊन उभा राहतो. ख्रिस्ती लोकांनी हा दाखला साऱ्या यहुदी समाजाला हिणवण्यासाठी वापरला, तेव्हा त्यांचेही तेच झाले. आणि ख्रिस्ती लोकांचे दोष वाचून आपण माळकरी बरे, असे आपल्याला वाटले तर आपलेही तेच होईल.

येशूचा पट्टशिष्य पेत्र याचीही गोष्ट अशीच आहे. शेवटच्या रात्री तो म्हणाला, सगळे तुला सोडून गेले तरी मी सोडणार नाही. तो मनापासून बोलत होता. पण या वाक्यातही ‘सगळे’ आणि ‘मी’ अशी तुलना होतीच. कोंबडा आरवायच्या आत त्याने तीन वेळा गुरूला ओळखायलाच नकार दिला. नंतर तो बाहेर जाऊन हमसून रडला. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी गालीलच्या समुद्रकाठी पुनरुत्थित येशू त्याला विचारतो, या इतरांपेक्षा तुझे माझ्यावर अधिक प्रेम आहे का? पेत्र उत्तर देतो, प्रेम आहे हे तू जाणतोस. ‘इतरांपेक्षा’ हा भाग तो उत्तरात घेतच नाही. तीनदा प्रश्न होतो, तीनदा तो तेवढेच सांगतो, आणि तीनदा त्याच्यावर मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले जाते. पडण्यापूर्वीच्या पेत्राला स्वतःची खात्री होती. पडल्यानंतरचा पेत्र म्हणतो, तूच जाणतोस. मेंढरे सोपवली गेली ती या दुसऱ्या पेत्राच्या हाती.

येथे साधकाच्या मनात एक रास्त शंका येईल. मग देवावर निःशंक राहायचेच नाही का? रोज धाकधूक बाळगायची का? या प्रश्नावर ख्रिस्ती पंथांतही वाद झाला. कॅथलिक धर्मसभेने ट्रेंट येथे १५४७ साली असे ठरवले की आपल्याला कृपा मिळाली आहे हे कोणालाही श्रद्धेच्या अचूक खात्रीने सांगता येत नाही. प्रॉटेस्टंट म्हणाले, देवाने वचन दिले आहे, तेव्हा खात्री धरता येते. पण खात्रीच्या बाजूने बोलणाऱ्या या मंडळींनीही १६४६ साली लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात खोट्या आशेपासून खरी खात्री वेगळी काढली. खरी खात्री माणसाला सैल करत नाही, असे ते सांगतात. ती त्याला कृतज्ञ करते आणि आज्ञापालनात अधिक तत्पर करते. म्हणजे कसोटी दोन्ही पक्षांत जवळपास एकच निघाली. लेकरू आईच्या कडेवर निर्धास्त असते, पण हाताने तिच्या खांद्याला घट्ट धरून असते. जो भरवसा हात सुटू देतो, त्याची तपासणी करावी.

आणि ही तपासणी केवळ स्वतःच्या मोक्षासाठी करायची नाही, कारण याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. हे विसाव्या शतकात जर्मनीतल्या एका धर्मोपदेशकाने ओळखले. डीट्रिख बोन्हॉफर हे त्यांचे नाव. हिटलरच्या राजवटीत पुष्कळ बाप्तिस्मा घेतलेली, चर्चला जाणारी, आपण देवाच्या कृपेत आहोत असे मानणारी माणसे अन्यायापुढे गप्प राहिली किंवा त्यात सामील झाली. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बोन्हॉफर यांनी या रोगाला स्वस्त कृपा असे नाव दिले. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिस्तीशिवाय दीक्षा, अनुसरणाशिवाय श्रद्धा. त्यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. मार्टिन लूथरला मठात वर्षानुवर्षे तळमळून शेवटी कळले की तारण कृपेनेच होते. त्याच्यासाठी ते अखेरीस गवसलेले उत्तर होते. पुढच्या लोकांनी ते उत्तर गणिताच्या सुरुवातीलाच गृहीतक म्हणून मांडले आणि गणित सोडवायचेच सोडून दिले. बोन्हॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आली.

देवाने मला क्षमा केली, असे अन्याय करणारा म्हणतो, तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला तो कुठे असतो? त्याला कोणी विचारलेलेही नसते. म्हणूनच येशूने सांगितले की वेदीपुढे दान घेऊन उभा असताना भावाची आपल्याविरुद्ध तक्रार आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवावे, आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. जक्कय नावाच्या जकातदाराची कथा लूक सांगतो. येशू त्याच्या घरी पाहुणा आला, तेव्हा त्याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल केले. कृपा आधी दारात आली होती. जक्कयाने ती पेटीत बंद करून ठेवली नाही, तिला आपली पेटी उघडू दिली. भावाचा बांध कोरून घेतलेली वीतभर जमीन तशीच ठेवायची आणि चंद्रभागेत बुडी मारून मोकळे व्हायचे, असे कोणाच्या मनात असेल तर त्याने जक्कयाच्या घरी थोडा वेळ बसावे.

जर्मन तत्त्वचिंतक योझेफ पीपर यांनी १९३५ साली आशेवर एक छोटे पुस्तक लिहिले. थॉमस यांच्याच विचाराला धरून ते म्हणतात, माणूस या जन्मात वाटसरू आहे. पोहोचणे शक्य आहे, पण अजून पोहोचलेला नाही. निराश माणूस म्हणतो, पोहोचणारच नाही. गृहीत धरणारा म्हणतो, पोहोचलोच. दोघेही आपले वाटसरूपण नाकारतात. आशा ही चालणाऱ्याची वृत्ती आहे.

हाच विचार इंग्लंडमधल्या जॉन बन्यन या उपदेशकाने गोष्टीरूपाने सांगितला. परवानगीशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल त्याने बारा वर्षे तुरुंगात काढली होती. त्याचे यात्रेचे रूपक १६७८ साली प्रसिद्ध झाले आणि १८४१ साली हरी केशवजी यांनी ते ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले. त्यात वाटेच्या कडेला तीन माणसे पायांत बेड्या असूनही गाढ झोपलेली दिसतात. त्यांतल्या एकाचे नावच गृहीत धरणारा असे आहे. कथेचा नायक त्यांना उठवू पाहतो, पण कोणाला धोका जाणवतच नाही. आणि कथेच्या शेवटी अज्ञान नावाचा एक प्रवासी येतो. तो बहुतेक वाट मजेत चाललेला. शेवटची नदीही फोल आशा नावाच्या नावाड्याने त्याला सुखाने पार करून दिलेली. तो थेट स्वर्गाच्या दाराशी येतो, दार ठोठावतो, आणि आत जाण्याची खूण मागितली तेव्हा त्याच्यापाशी काही नसते. त्याला तिथूनच नरकाकडे नेले जाते. बन्यनला सांगायचे आहे ते हे, की स्वर्गाच्या दारापासूनही अधोगतीची एक वाट निघते.

पंढरीच्या महाद्वाराशी आलेल्या वारकऱ्याला हे वाक्य अंगावर काटा आणणारे आहे. पण त्याच द्वाराशी त्याचे उत्तरही आहे. तिथे नामदेवरायांची पायरी आहे. ज्यांच्याशी पांडुरंग बोलला, ज्यांच्या हातचे जेवला असे आपण मानतो, त्या नामदेवांनी कायमची जागा घेतली ती दाराच्या पायरीशी, संतांच्या पायधुळीसाठी. समोर चोखोबांची समाधी आहे. आणि वारकरी हे नावही आपल्याला हेच शिकवते. एकदा दर्शन झाले की वारी संपत नाही. आषाढी झाली की कार्तिकी, कार्तिकी झाली की पुन्हा आषाढी. पोहोचलेला माणूसही पुढच्या वर्षी घरून निघतो, पहिल्यांदा निघालेल्याच्या बरोबरीने चालतो आणि त्याच्याही पाया पडतो.

तेव्हा माउली, यंदा पायरीशी वाकताना एवढे तपासून पाहू या : आपल्या प्रार्थनेत अजून मागणे उरले आहे का, आणि आपली नजर शेजारच्यावर आहे की विठोबावर?

रामकृष्ण हरी.